वेरूळ, अजिंठा आणि पाहणारांची गर्दी

वेरूळ-अजिंठ्याविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें आहे त्याचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील लेखक लेण्यापुढें उभा राहतो, सद्गदित होतो आणि मग लेणें सोडून स्वतःच्या सद्गदित होण्याकडेच पाहत बसतो. दुसऱ्या वर्गांतील लेखक राजवंश, शिलालेख आणि लांबी-रुंदी यांचीं टांचणें वाचकापुढें टाकून मोकळा होतो. लेणीं पाहावयास आलेल्या इतर माणसांविषयीं मात्र या दोहोंस सांगावयाचें असतें तें एकच: तीं माणसें तेथें नसतीं तर बरें झालें असतें! खांबाशीं डबे सोडून बसलेलीं कुटुंबें, शिट्टी वाजवून पोरें हांकणारे मास्तर, कैलासाच्या अंगणांतील हत्तीवर रेलून मोबाइलनें स्वतःचीं छायाचित्रें टिपणारे तरुण, यांची पांच-दहा ओळी थट्टा केल्यावांचून आपली रसिकता वाचकाच्या मनांत ठसणार नाहीं, अशी या लेखकांची समजूत दिसते.

आम्हांस या गर्दीचा विचार टीकेचा विषय म्हणूनच करावयाचा आहे. काव्याचें किंवा कादंबरीचें परीक्षण करतांना तें पुस्तक किती लोकांनीं वाचावें हा प्रश्न टीकाकारापुढें येत नाहीं. ज्ञानेश्वरी लाखों लोकांनीं वाचली म्हणून तिची एकही ओवी पुसट होत नाहीं. भिंतीवरील चित्राची गोष्ट निराळी आहे. तें पाहण्यानें खर्च होतें. पाहणाराच्या श्वासांतील ओल, त्याच्या अंगाची ऊब, त्याच्या पायांबरोबर आलेली धूळ, या सर्वांची नोंद त्या भिंतीवर होत असते. आणि ती नोंद पुसण्याचा उपाय फार थोडा. तेव्हां अशा कलाकृतीच्या बाबतींत ‘ती कशी आहे’ या प्रश्नाला लागूनच ‘ती कोणीं, किती वेळ आणि कशी पाहावी’ हा प्रश्न येतो, आणि तो केवळ व्यवस्थेचा प्रश्न म्हणून पहारेकऱ्यांच्या हवालीं करून टीकाकारास हात झटकतां येत नाहींत.

वेरूळ आणि अजिंठा हीं नांवें आपण एका श्वासांत घेतों. १९८३ सालीं दोहोंची नोंद जागतिक वारशाच्या यादींत झाली. त्यांच्या जपणुकीची आणि प्रवाशांच्या सोयींची जी योजना जपानच्या कर्जाच्या साहाय्यानें आंखली गेली तीही दोहोंस मिळून एकच. आणि छत्रपति संभाजीनगरास उतरलेला प्रवासी आज हें, उद्यां तें, अशा हिशेबानें दोन्हीं उरकतो. परंतु कलाकृति म्हणून पाहतां यांच्याइतकीं परस्परांहून भिन्न स्थळें सांपडणें कठीण. एक दगडाचें, दुसरें मुख्यतः रंगाचें. एक लोकांच्या स्मरणांतून कधींच न गेलेलें, दुसरें कित्येक शतकें रानांत दडून राहिलेलें. एकाचें सर्वांत मोठें शिल्प उघड्या आकाशाखालीं उभें, दुसऱ्याचें सर्वांत मोठें धन अंधारांत. गर्दीनें होणारें हित आणि अहित या दोन ठिकाणीं एकाच मापानें मोजावयाचें, हीच आमच्या मतें या वादांतील मुळांतली गफलत होय.

अजिंठ्याचें चित्र कशावर काढलें आहे हें आधीं ध्यानांत घ्यावें. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर सुमारें ३० लेणीं खोदलेलीं आहेत. त्यांतील कांहीं इसवी सनापूर्वींचीं. परंतु ज्यांची कीर्ति जगभर गेली तीं बहुतेक इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं. खडबडीत राखलेल्या कातळावर चिखलाचा गिलावा, त्या चिखलांत भाताचें तूस आणि गवताचे तंतू कालविलेले, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यानंतर चिकट द्रव्यांत घोटलेले रंग, असें हें काम आहे. ओल्या चुन्यांत रंग मुरवून तो भिंतीशीं एकजीव करण्याची इटलींतील रीत येथें नाहीं. येथें रंग भिंतीवर बसला आहे, भिंतींत शिरलेला नाहीं. आणि त्याच्या खालचा गिलावा आपल्या खेड्यांतील मातीच्या भिंतीच्याच जातीचा आहे. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि, सोळाव्यांतील ती ग्लानि आलेली राजकन्या, सतराव्यांतील विश्वंतराची कथा, हें सारें वैभव पंधराशें वर्षें या चिखलाच्या पापुद्र्यावर तगून राहिलें आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत वेरूळच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतू सांपडल्याचें सांगितलें असून, अजिंठ्याच्या गिलाव्यांत ते नसल्यामुळेंच तेथें किड्यांचें फावलें असा तर्क केलेला आहे. किड्यापुढें जो हात टेंकतो तो पापुद्रा माणसापुढें काय टिकणार?

आतां हा पापुद्रा आजवर कोणीं कोणीं दुखावला याची यादी केली, तर गर्दीचें नांव बरेंच खालीं येतें. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ नांवाचा मद्रासच्या फौजेंतील एक इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्तानें या दरींत आला, दहाव्या लेण्यांत शिरला, आणि आपलें नांव व तारीख तेथील चित्रित खांबावर कोरून चालता झाला. त्या वेळीं जमिनीवर मातीचा जाड थर सांचलेला होता. तो निघाल्यामुळें तीं अक्षरें आज पाहणाराच्या डोक्याहून उंच दिसतात. ज्या खोडीसाठीं आपण आज कॉलेजांतील पोरांना रागें भरतों त्या खोडीचा अजिंठ्यांतील मूळपुरुष हा असा प्रतिष्ठित गृहस्थ आहे. त्यानंतर चित्रांचे खरे प्रेमी आले. एका विद्वान् डॉक्टरानें भिंतीवरील आकृति सोलून नेण्याचा उद्योग केला. त्या हातांत आल्या त्या चुरा होऊन. मेजर रॉबर्ट गिल यास १८४४ सालीं नकला करण्याच्या कामावर नेमलें. त्यानें त्या कामांत आयुष्याचीं वर्षेंच्या वर्षें घातलीं, आणि त्या नकला १८६६ सालीं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळून गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हां नकला करविल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ सालीं लंडनमध्येंच जळाल्या. नकला जळाल्याची हळहळ सर्वच लिहितात. परंतु त्या काढतांना मूळ चित्र उठून दिसावें म्हणून त्यावर वार्निशाचा हात फिरविला गेला, आणि तें वार्निश पुढें पिवळें पडत गेलें, ही गोष्ट तितक्या हळहळीनें लिहिलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

१९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें इटलींतून दोन तज्ज्ञ आणविले. सुटूं लागलेला गिलावा जागच्या जागीं बसवून त्यांनीं अजिंठ्यास मोठेंच जीवदान दिलें, हें कृतज्ञतापूर्वक सांगितलें पाहिजे. पण त्यांनींही चित्रांवर लाखेचें रोगण चढविलें, तें काळवंडलें, आणि पुढें तो काळेपणा उतरविण्यांत पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांचीं वर्षें खर्चीं पडलीं. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें कुंपणाच्या मनांत शेताविषयीं खरोखरीचा लोभ होता. ज्यांचें या चित्रांवर सर्वांत अधिक प्रेम बसलें, ज्यांस तीं सर्वांत अधिक समजत होतीं, त्यांच्याच हातून त्यांस मोठमोठे अपाय झाले. डब्यांतील पोळी-भाजी खाणाऱ्या कुटुंबाच्या नांवानें बोटें मोडण्यापूर्वीं रसिकांनीं हा इतिहास एकवार आठवावा.

याचा अर्थ गर्दी निरुपद्रवी आहे असा नव्हे. तिचा अपाय निराळ्या जातीचा आहे, आणि त्याचें निराळेपण असें कीं, तो कोणीच केलेला नसतो. स्मिथचें नांव खांबावर आहे; गर्दीचें नांव कोठेंच नाहीं. लेण्यांतून बाहेर पडणाऱ्या पन्नास माणसांपैकीं एकानेंही भिंतीस बोट लावलेलें नसतें, आवाज चढविलेला नसतो, दिव्याचा झोत टाकलेला नसतो. त्यांनीं केवळ श्वास घेतलेला असतो. फ्रान्समधील लास्को येथील आदिमानवाचीं गुहाचित्रें १९४८ सालीं लोकांस खुलीं केलीं. अवघ्या पंधरा वर्षांत माणसांच्या श्वासानें त्या भिंतींवर हिरवें शेवाळ धरूं लागलें, आणि १९६३ सालीं ती गुहा बंद करावी लागली. अजिंठ्याच्या लेण्यांस रुंद दारें आहेत, वारा खेळतो, म्हणून तेथें इतका तातडीचा धोका नाहीं. परंतु जात तीच. खासगी वाहनें चारेक किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या फाट्यावरच थांबविणें, चमकदिव्यास मनाई करणें, चित्रांच्या लेण्यांत एका वेळीं मोजकींच माणसें सोडणें, हे जे उपाय योजले गेले ते सर्व योग्यच आहेत.

मात्र या उपायांच्या आड एक गोष्ट झांकली जाते, आणि आमच्या दृष्टीनें तीच सर्वांत गंभीर होय. बाहेर माळावरचें ऊन्ह मी म्हणत असतें. त्या उन्हांतून आंत आलेल्या डोळ्यांस अंधाराची संवय होण्यास दहा मिनिटें तरी लागतात. पहिली कांहीं मिनिटें पद्मपाणीच्या जागीं एक तांबूस-काळसर डाग दिसतो. मग मुकुटाची कड, मग खालीं झुकलेल्या पापण्या, मग हातांतलें कमळ, आणि सर्वांच्या शेवटीं भोंवतालच्या गर्दींतून एकेक चेहरा वर येऊं लागतो. हें चित्र पाहावयाचें म्हणजे तें उगवूं द्यावयाचें. सुटीच्या दिवशीं तें डाग या अवस्थेंत असतांनाच रांग पुढें सरकते. म्हणजे त्या माणसानें आपल्या श्वासाची ओल भिंतीस दिली ती दिलीच, आणि त्याच्या मोबदल्यांत त्याच्या पदरांत पडला एक डाग. चित्र खर्च झालें आणि मिळालें कोणासच नाहीं! झीज होते म्हणून आम्हांस दुःख नाहीं. पाहण्यासाठींच काढलेलें चित्र पाहतां पाहतां झिजलें तर त्याचें सार्थकच झालें म्हणावें. न पाहतांच तें झिजावें हें मात्र असह्य आहे.

वेरूळास आलें म्हणजे हा सारा हिशेब उलटा होतो. तेथील ३४ लेण्यांत बौद्ध, ब्राह्मणी व जैन असे तिन्ही पंथ शेजारीं नांदतात. पण आमचा मुद्दा सोळाव्या क्रमांकाच्या कैलासापुरता आहे. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या वेळचें हें काम. सुमारें ८२ मीटर लांब व ४६ मीटर रुंद अशा अंगणांत, डोंगर वरून खालीं उतरवीत, एकाच कातळांतून देऊळ मोकळें केलें आहे. इ. स. ८१२ च्या एका ताम्रपटांत या देवळाची स्तुति आहे. आकाशांतून जाणाऱ्या देवांसही त्याचें नवल वाटलें, आणि ज्यानें तें घडविलें त्या शिल्प्यासही आपण हें कसें केलें याचा अचंबा वाटला, असा तिचा आशय. आमच्या कथाकल्पतरूंतही एलापूरच्या राणीची गोष्ट आहे. देवळाचें शिखर पाहीन तेव्हांच अन्न घेईन असा तिनें नेम केला. तेव्हां पैठणच्या कोकसानें शिखरच आधीं घडवून तिचा उपास सोडविला. ही गोष्ट इतिहास म्हणून कोणी घेऊं नये. टीका म्हणून मात्र ती उत्तम आहे. शिखर आधीं आणि जोतें मागून, हें या देवळाचें मर्म आमच्या अनेक ग्रंथकारांहून त्या कथेच्या कर्त्यानें अधिक सहज पकडलें. आणि या दोन्ही साक्षींत पाहणारा आहेच हें लक्षांत घ्यावें: एकींत देव पाहतात, दुसरींत राणी. कैलासाची पहिली कल्पनाच मुळीं कोणीतरी मान वर करून पाहत आहे अशी आहे.

कैलास निर्मनुष्य असावा अशी ज्यांची इच्छा असते त्यांनीं तो निर्मनुष्य असतांना एकदां खरोखरच नीट पाहावा. पहांटे दार उघडतांच आंत गेलें तर शांतता मिळते, पण माप हरवतें. हत्ती हत्तीएवढाच वाटतो, ध्वजस्तंभ खांबाएवढा, आणि देऊळ एखाद्या सुबक नमुन्यासारखें. तासाभरानें हत्तीच्या पायाशीं चार पोरें येऊन उभीं राहिलीं, वरच्या सज्ज्यांत लुगड्यांचे रंग हलूं लागले, जिन्यांतून माणसांची ओळ वर चढूं लागली, कीं सारा डोंगर एकदम आपल्या खऱ्या उंचीस जातो. हें अंगण, या भोंवतालच्या ओवऱ्या, ही प्रदक्षिणेची वाट, हें सर्व माणसांच्या वावरण्यासाठींच कोरलें आहे. गर्दी ही येथें कलाकृतीचें एक अंग आहे.

येथें एक भेद सांगितला पाहिजे. कैलासास पूर्वीं पांढरा गिलावा होता व त्यावर रंगकाम होतें. त्याचे अवशेष मंडपांच्या छतांवर अद्यापि दिसतात. म्हणजे दगडी वेरूळाच्या पोटांतही छोटासा अजिंठा आहे, आणि तो डोक्यावर असल्यामुळें त्याकडे बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. त्याची काळजी अजिंठ्याच्या मापानेंच घेतली पाहिजे. बाकी हातांच्या घासानें गुळगुळीत झालेल्या कडा आणि खरवडलेलीं नांवें हा अपाय आहेच. पण तो पहाऱ्यानें आंवरतां येण्याजोगा आहे.

लेण्यांपासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर घृष्णेश्वराचें देऊळ आहे. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले वेरूळचे. त्यांनीं आणि पुढें अहिल्याबाई होळकरांनीं त्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बारा ज्योतिर्लिंगांतील एक म्हणून तेथें देशभरचे यात्रेकरू लोटतात, आणि दर्शन झाल्यावर त्यांतील पुष्कळ जण लेण्यांकडे वळतात. एका देवळांत देव आहे आणि तिकीट नाहीं. दुसऱ्यांत तिकीट आहे आणि, पुरातत्त्वाच्या मतें, देव नाहीं. २०१८ सालीं ठरलेल्या दरानें चाळीस रुपये मोजून आंत आलेली म्हातारी मात्र हा भेद मानीत नाहीं. ती कैलासाच्या उंबऱ्यास हात लावून तो कपाळास लावते, गाभाऱ्यांतील लिंगापुढें वांकते, उजवी घालून देवळाभोंवतीं फिरते, आणि रावण कैलास हालवीत असलेल्या त्या प्रचंड शिल्पापुढें उभी राहून नातवास ती कथा सांगते. शिल्पशास्त्रांतलें तिला कांहीं कळत नसेल. पण ज्या क्रमानें आणि ज्या भावनेनें हें देऊळ पाहावयाचें म्हणून तें घडविलें गेलें, त्या क्रमानें तें पाहणारी त्या दिवशीं कदाचित् ती एकटीच असते. पुस्तक उघडून खांबांचे प्रकार ओळखीत उभ्या असलेल्या आमच्यासारख्यांस ती अडाणी वाटते, हा आमच्या शिक्षणाचा दोष होय. तिचा हात दगडास लागतो आणि त्यानें दगड झिजतो हें खरें. तिला ‘हात लावूं नका’ म्हणून सांगणें प्राप्तच आहे. तें दरडावून सांगणें मात्र प्राप्त नाहीं.

गर्दीमुळें होणाऱ्या लाभांची भाषा सरकारी पत्रकांतून इतकी ऐकूं येते कीं तिच्याविषयीं आम्हांस फारसें लिहावेसें वाटत नाहीं. तथापि २०२० सालच्या मार्चांत महामारीमुळें लेणीं बंद झालीं तीं डिसेंबरांत उघडलीं, ते नऊ महिने विसरण्याजोगे नाहींत. चित्रांस इतकी दीर्घ विश्रांति गेल्या कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. आणि अजिंठ्याच्या पायऱ्यांवरून म्हाताऱ्याकोताऱ्यांस खांद्यावर वाहून नेणाऱ्या डोलीवाल्यांच्या चुलींसही तितकीच विश्रांति मिळाली. रंगीत स्फटिक विकणारे, जीपवाले, खाणावळवाले, सर्वांची तीच गत. लेणीं कायमचीं मिटावीं असें सुचविणाऱ्यांनीं हें कोणाच्या पोटावर लिहिलें जाईल तें पाहावें. शिवाय गर्दी नसली म्हणजे चित्रें टिकतात हाही एक भ्रमच आहे. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यास कोण जातें? तेथेंही चित्रें होतीं. झिरपणाऱ्या पाण्यानें आणि ठिसूळ कातळानें त्यांचे तुकडे तेवढे मागें ठेविले आहेत. पाहणारा नाहीं तेथें राखणाराही बहुधा नसतो.

तेव्हां उपाय काय? सध्यां सुज्ञ समजला जाणारा उपाय असा: लोकांस नकला दाखवाव्या, मूळ लेणीं अभ्यासकांसाठीं राखावीं. लास्कोस तेंच झालें. मूळ गुहेत निवडक संशोधक तेवढे जात, आणि १९८३ पासून लोकांस शेजारची प्रतिकृति दाखविण्यांत आली. अजिंठ्याच्या पायथ्याशींही २०१३ सालीं एक भव्य प्रेक्षागृह उघडलें, आणि त्यांत पहिलें, दुसरें, सोळावें व सतरावें अशा चार लेण्यांच्या प्रतिकृति उभारल्या. पुढें थोड्याच वर्षांत विजेच्या आणि पाण्याच्या बिलांची थकबाकी होऊन तें बंद पडलें. पंधराशें वर्षें टिकलेल्या चिखलाची नक्कल दहा वर्षेंही धड उघडी राहूं नये, यावर वेगळी टीका करण्याची गरज नाहीं. परंतु तें प्रेक्षागृह उत्तम चाललें असतें तरीही या उपायास आमचा विरोधच राहिला असता.

कारण तो उपाय उलट्या बाजूनें मांडलेला आहे. नक्कल कोणाच्या उपयोगीं पडते? ज्याला मूळ ठाऊक आहे त्याच्या. ग्रिफिथ्सचे दोन ग्रंथ किंवा गुलाम याज़्दानींचे चार खंड उघडून बसणाऱ्या अभ्यासकास छापील पृष्ठावरून रेषेचा ओघ कळतो. रंग कोठें उडाला, कोठें मागाहून चढला हें तो मनानें भरून काढतो. भिंग लावून तो लेण्यांत दिसणार नाहीं तेंही पाहतो. त्याच्या शिक्षित कल्पनेस नक्कल पुरते, किंबहुना पुष्कळ वेळां नक्कलच अधिक सोयीची पडते. उलट खानदेशांतून एस. टी. नें आलेला, आयुष्यांत एकदांच येथें येणारा आणि पुन्हां कधीं न येणारा जो शेतकरी, त्याला सिमेंटच्या भिंतीवरील पद्मपाणि दाखविला तर तो काय पाहील? रंगविलेली भिंत, तशी त्यानें जत्रेंत पाहिलेली आहे. त्याच्या मनावर जें उमटावयाचें तें मूळ भिंतीपुढेंच उमटेल: हें खरें आहे, हें माणसाच्या हातानें या अंधारांत काढलें, आणि तो हात आपल्याच मुलखांत वावरत होता. ही प्रतीति नकलेंतून देतां येत नाहीं, आणि अभ्यासकास ती केव्हांच मिळून चुकलेली आहे. तेव्हां मूळ चित्राचा जो थोडा शिलकी सांठा उरला आहे त्यावर पहिला हक्क एकदांच येणाऱ्याचा, आणि नकलेवर संतोष मानण्याचें कर्तव्य आम्हां वारंवार जाणाऱ्यांचें. चित्रकार, प्राध्यापक, टीकाकार, मंत्र्यांचे पाहुणे, परदेशचे वकील, यांनीं मागें सरावें. दीडशें वर्षें आम्हींच तें चित्र अधिक खर्चलें आहे.

व्यवहारांत हें कसें साधावें याविषयीं आमचें म्हणणें थोडक्यांत असें. चित्रांच्या चार लेण्यांपुरती दिवसाची संख्या ठरवावी, आणि ती रसायनज्ञांनीं ठरवावी, प्रवासखात्यानें नव्हे. ती संख्या किंमत वाढवून आंवरूं नये. पैशानें गाळणी लावली म्हणजे नेमका तो शेतकरीच बाहेर राहतो. कांहीं जागा आगाऊ मागणी करणाऱ्यांस चिठ्ठ्या टाकून द्याव्या; पण निम्म्याहून अधिक जागा त्या दिवशीं येऊन दाराशीं उभ्या राहणाऱ्यांसाठीं ठेवाव्या, कारण मोबाइलवर जागा राखून ठेवण्याची युक्ति ज्यास साधते त्याला इतर युक्त्याही साधतात. ज्यास त्या दिवशीं जागा मिळाली नाहीं त्यास रित्या हातीं परतावें लागेल, हें कठोर आहे. परंतु नुसता एक डाग पाहून परतण्यापेक्षां सव्विसाव्या लेण्यांतील निर्वाणाच्या महामूर्तीपुढें तासभर बसून तो परतला तर आम्हांस तें अधिक न्याय्य वाटतें. त्या दगडास त्याच्या श्वासाचें भय नाहीं. आणि ज्यांस जागा मिळाली त्यांस अर्धा तास द्यावा. त्यांतला पहिला भाग त्यांनीं नुसतें आंत बसून राहावें. कोणीं बोलूं नये. डोळे अंधारास सरावूं द्यावे. कथा आधींच बाहेर, नकलांपुढें, मराठींत आणि ज्याच्या त्याच्या भाषेंत सांगून झालेली असावी. नकलांचें तेंच खरें काम. त्या देवळाच्या सभामंडपासारख्या आहेत, गाभाऱ्यासारख्या नव्हेत.

पूर्वीं लेण्यांतील सेवक दाराशीं आरसा किंवा पांढरें कापड धरून बाहेरचें ऊन्ह आंत फेंकीत असत. तो कवडसा भिंतीवरून हळूहळू सरकत जाई, एका चेहऱ्यावर क्षणभर ठरे आणि पुढें जाई. सारी भिंत एकदम कधींच दिसत नसे. आतां मंद विजेचे दिवे आहेत, ते अधिक सुरक्षित आहेत, आणि आरशाकडे परत जा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो कवडसा धरणारा माणूस कोणास घाई करीत नसे, कारण सूर्य जेवढा सरकेल तेवढेंच त्याचें काम सरके. त्या गतीनें एक अर्धा तास चालविण्यास किती सेवक लागतील याचा अंदाज खात्यानें काढावा. आमच्यासारख्या लेखकांचीं नांवें त्या चिठ्ठ्यांत मुळींच घालूं नयेत. घालणें भागच पडलें तर दहा वर्षांतून एकदां.